बारीक मानेचे दोन बोल्ट

मधूदादा, विमल आणि मी, आम्ही तिघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे भुट्टे किसणं. भादव्यातला रविवार होता. देपालपुरहून विमल आणि तिची आई जेवायला आल्या होत्या, आणि भादव्यात आलेल्या पाहुण्याला भुट्ट्याचा किस खाऊ घातला नाही तर आईच्या मते पाहुणा उपाशीच गेला. किसणी एकच, पितळेची, तिचा एक पाय मोडलेला. दादानं ती परातीवर तिरकी धरली होती, मी भुट्टे ओढत होतो आणि विमल दांड्यांवर राहिलेलं दूध चमच्याच्या पाठीनं खरवडून काढत होती. दादाचा आणि तिचा साखरपुडा होऊन महिनाही झाला नव्हता. लग्नाआधी दोघांनी एका सतरंजीवर बसायचं नाही असा आमच्याकडे कायदा होता, पण हाताला काम लागलं की आई कायदा विसरायची, किंवा विसरल्यासारखं करायची. आत फोडणीची हिरवी मिरची तडतडत होती, ओट्यावर नाना, म्हणजे माझे वडील, खरखरणाऱ्या रेडिओला शिव्या घालत होते, आणि आमच्या मधे ती खर्र-खर्र चालली होती.

"भावजी, नखं बघा तुमची," विमल मला म्हणाली. "किस काळा होईल."

"काळी दिसतात, पण धुतलेली आहेत," दादा म्हणाला. "रॉकेलनं."

"अगंबाई! मग चुलीवर कशाला ठेवायचा? काडी लावली की आपोआप शिजेल."

दादा इतका हसला की किसणी घसरली आणि माझ्या अंगठ्याचं सालटं गेलं. आई आतून ओरडली, "दत्त्या, रक्त परातीत पडू देऊ नकोस हां!" अंगठा बघायला कुणी उठलं नाही. दादा पुन्हा किसणी धरत विमलला म्हणाला, "आज याला काही बोलायचं नाही. काल सेठच्या गाडीचं लॉक यानं एकट्यानं पुरं केलं. मी तुमच्यासाठी सामान आणायला मधेच निघून आलो होतो. काय रे दत्त्या, दोन्ही बोल्ट तुटले ना नीट?"

"तुटले," मी म्हणालो.

तुटले नव्हते.

बोल्ट तुटणं चांगलं कसं, ते पुढं सांगतो. आधी हे लिहायला का बसलो ते सांगून टाकतो, कारण मला फिरवून सांगता येत नाही, सातवी नापास माणूस आहे. ती विमल पुढं माझी बायको झाली. पंचेचाळीसच्या वर वर्षं माझ्या घरात राहिली आणि गेल्या पौषात गेली. दादा त्या रविवारी दुपारी मेला. तो आपल्यामुळं मेला असं विमलला मरेपर्यंत वाटत होतं. तो माझ्यामुळं मेला होता. एवढं एक वाक्य मला तिला सांगायचं होतं, आणि सांगायला मला पंचेचाळीस वर्षं पुरली नाहीत. आता घरात सांगण्यासारखं कुणी नाही, म्हणून वहीला सांगतोय. त्याचा कुणाला काही फायदा नाही हे मलाही कळतं.

दादाचं गॅरेज सांवेर रोडला होतं. तेव्हा तिथं कारखाने थोडे आणि बाभळी जास्त. एका खराद्याच्या, म्हणजे लेथवाल्याच्या, शेडला लागून चार पत्रे, त्याखाली दादा, मी आणि एक कुत्री. दादा गाडीच्या बिजलीचं काम करायचा. त्यातही विलायती गाड्यांच्या बिजलीत त्याचा हात चालायचा, कारण त्या गाड्यांच्या तारांना रंगाचे कायदे असतात आणि ते कायदे त्याला पाठ होते. तपकिरी तार बॅटरीकडून येते, पांढरी इग्निशनला जाते, पांढरी-तांबडी स्टार्टरला. तेल आणि ऊन लागून वीस वर्षांत सगळ्या तारा एका रंगाच्या होतात, शेणाच्या. मग दादा तार नखानं जरा वाकवायचा आणि घडीच्या आत राहिलेला रंग बघायचा. मी नापास होत-होत शाळेतून निघालो तो थेट त्याच्या हाताखाली गेलो. सोळाव्या वर्षी गेलो, त्या रविवारी एकोणिसाचा होतो.

आमच्या घरात बोल्ट तोडणं हा गुन्हा होता. नाना मिलमध्ये फिटर. कुणी बोल्ट तोडला की ते त्याला शिवी देत नसत, त्याच्याशी बोलणंच बंद करत. मी पहिल्याच वर्षी एका मोटारीच्या हेडचा स्टड तोडला. तो काढायला दादाला दोन दिवस लागले, आणि नाना माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. आई ताट वाढून सरकवायची आणि तीही बोलायची नाही, त्यांना बघून. दादानं मात्र माझा हात धरून शिकवलं. पाना कसा धरायचा, लोखंड ताणत आलं की हाताला काय कळतं, मान जाण्याआधी बोल्ट कसा मऊ लागतो. "मऊ लागला की थांबायचं. तिथून पुढं एक बोट गेलास तर समज मेलास." हे त्यानं मला तीन वर्षं रोज शिकवलं. माझ्या हातात ते इतकं गेलं की आजही बाटलीचं झाकण आवळताना माझा हात मधेच थांबतो.

सेठची गाडी हिरवी होती, दोन माणसांची, वर कापडी छप्पर. छोटे सेठ एका मिलमालकाचे पुतणे. त्यांनी ती दिल्लीच्या लिलावात उचलली होती आणि चावी कुणाकडेच नव्हती. अशा गाड्यांत चावी काढली की आतून एक खिटी निघून स्टेरिंगच्या दांड्यातल्या खाचेत बसते आणि स्टेरिंग जागच्या जागी अडकतं, चोरानं पळवू नये म्हणून. ही गाडी चाकं डावीकडं वळलेली असतानाच अडकली होती. ट्रकवरून उतरवली तेव्हा ती मान मुरगळलेल्या कोंबडीसारखी दिसत होती. दहा माणसांनी उचलून शेडमध्ये ठेवली. सेठचा ड्रायव्हर म्हणाला, "भिया, दशहरे तक चालू कर दो, सेठ को इसी में निकलना है."

मुंबईहून नवं लॉक आलं, इग्निशन स्विचसकट एकाच ओतीव घरात, आणि त्याबरोबर कागदात गुंडाळलेले दोन बोल्ट. ते बोल्ट मी तोपर्यंत पाहिले नव्हते. डोकं जाड आणि डोक्याखाली मान मुद्दाम बारीक केलेली. दादानं मला समजावलं. हे लॉक स्टेरिंगच्या नळीवर दोन बाजूंनी चिमट्यासारखं बसतं आणि हे दोन बोल्ट चिमटा आवळतात. आवळत राहायचं, मान तुटून डोकं हातात येईपर्यंत. डोकं गेलं की गोल गुळगुळीत ठिकरी उरते, तिला पाना लागत नाही, पेचकस लागत नाही. चोरालाच काय, पुढच्या मिस्त्रीलाही घाम फुटतो. जुनं लॉक काढताना आम्हालाही फुटला होता. डॅशबोर्डखाली उताणा पडून दादा छिन्नीची धार ठिकरीच्या कडेवर तिरकी लावायचा आणि हातोडीनं उलट्या दिशेनं हळू-हळू ठोकायचा, टक, टक, टक. डोळ्यांत किटण पडायचं. एक ठिकरी अर्ध्या दिवसात फिरली, दुसरी फिरलीच नाही, ती हातड्रिलनं पोखरून काढली. मी दिवा धरून त्याच्या छातीला टेकून पडलो होतो. त्याच्या घामाचा आणि बिडीचा वास अजून नाकात आहे.

शनिवारी दुपारी नवं लॉक नळीवर बसलं. दादाची पद्धत अशी की आधी बोल्ट हातानंच लावायचे, तारा जोडायच्या, चावी सगळ्या टप्प्यांतून फिरवायची, स्टेरिंग डावी-उजवीकडं पूर्ण फिरवून बघायचं, आणि मगच आवळायचं, कारण एकदा डोकी गेली की परत फिरायला रस्ता नाही. सगळं जुळलं. इंजिन सुरू झालं तेव्हा खराद्याच्या शेडमधली माणसंसुद्धा बघायला आली. दादानं घड्याळ पाहिलं, त्याला विमलच्या आईसाठी पेढे आणि घरासाठी भुट्टे न्यायचे होते. हात पुसत तो म्हणाला, "डोकी तुटेपर्यंत आवळ, दोन्ही. मग शेड बंद करून ये." अगदी साफ सांगितलं त्यानं. मला ऐकू आलं नाही किंवा कळलं नाही, असं काही नव्हतं.

मी उताणा झालो. रिंगपाना लावला. आवळला, आणखी आवळला. बोल्ट मऊ लागायला लागला आणि माझा हात थांबला. मी स्वतःला सांगितलं की हा तुटण्यासाठीच आहे. पुन्हा जोर दिला. मानेतून बारीक कुरकुर आली, आणि मी पाना सोडला. नाना दिसले, सरकवलेलं ताट दिसलं. हेच दोन बोल्ट आहेत, मुंबईहून आलेत, वेडावाकडा तुटला तर? मी दुसऱ्यावर गेलो, तिथंही तेच. मग मी काय केलं ते लिहितो. मानेवरचा ताण जावा म्हणून मी दोन्ही बोल्ट पाव-पाव आटा उलटे फिरवले. नाजूक बोल्ट असा ताणून ठेवू नये, रात्रभरात जाईल, असं मला वाटलं. लॉक हलवून पाहिलं, हललं नाही. म्हटलं, सोमवारी दादाच तोडेल, त्याच्या हातानं. शेड बंद करून घरी गेलो. येताना एकदाही असं वाटलं नाही की आपण काही वाईट केलं. उलट वाटलं, बोल्ट वाचवले.

सोमवारी सांगायचं ठरवलं होतं. पण रविवारी दादानं मला विमलसमोर चढवलं, आणि मी तिच्यासमोर खाली उतरू शकलो नाही. एवढंच कारण होतं. वर्षानुवर्षं मी त्याला दुसरं काही मोठं कारण शोधत आलो, सापडलं नाही.

"म्हणजे ती गाडी आता चालते?" विमलनं विचारलं.

"धावते," दादा म्हणाला.

"मग एकदा दाखवा ना. नुसती दाखवा. बसवू नका."

"बसायचं नाव काढशील तर बघ," आई झारा घेऊन दारात आली. "लग्न झाल्यावर काय बसायचं ते बस. इथं गल्लीत लोकांना डोळे आहेत."

"मी बसवू नकाच म्हणाले, आई."

"तुझं 'नका' मला चांगलं कळतं."

विमलची आई पदरात तोंड घालून हसली. दादा कान लाल करून म्हणाला, "जेवण झालं की आणतो. ट्रायल घ्यायचीच आहे. घाटापर्यंत एक चक्कर मारतो, जाता-जाता दाखवून जातो." मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं, आणि जेवायला बसलो तेव्हा माझ्या तोंडात किस होता. गरम, दूध आटलेला, वरून खोबरं आणि कोथिंबीर. मी दोनदा घेतला.

दादा सायकलवर गेला आणि पाऊण तासानं गाडी घेऊन आला. गल्लीच्या तोंडाशीच त्यानं भोंगा वाजवला. शेजारपाजारचे सगळे बाहेर. नाना ओट्यावरून उतरून बॉनेटवर हात फिरवायला लागले, घोड्याच्या मानेवर फिरवतात तसा. विमल दाराच्या आडून बघत होती, मग आडूनही नाही, सरळ उंबऱ्यावर. दादानं मला विचारलं, "येतोस?" मी म्हणालो, "माझं पोट भरलंय." तो म्हणाला, "लेका, मग झोप." आणि गेला. त्यानं आम्हाला हात केला नाही, वळून बघितलं नाही. रोज सांवेर रोडला जायचा तसाच गेला.

घाटातून एक ट्रकवाला खाली येत होता, त्यानं पाहिलं. तो चौकीत सांगत होता ते मी माझ्या कानानं ऐकलं. "साब, गाड़ी तेज नहीं थी. मोड़ आया तो मुड़ी ही नहीं. सीधी चली गई, जैसे आगे रोड हो." संध्याकाळी आम्हाला तिथं नेलं. दादाला आधीच सरकारी दवाखान्यात हलवलं होतं. नाना त्याच्यामागे गेले आणि मला हवालदारानं चौकीच्या आवारात थांबवलं, जिथं गाडी ओढून आणली होती. दरवाजा नव्हताच. मी वाकून डॅशबोर्डखाली पाहिलं. लॉकचा चिमटा उघडला होता. घर नळीवर तिरकं झालं होतं, एक तार निसटून लोंबत होती, आणि माझे दोन बोल्ट, डोक्यासकट, अर्धे बाहेर आले होते.

काय झालं ते मला तिथंच कळलं. अशा कामात मिस्त्रीला विचार करावा लागत नाही. घाटाच्या खराब रस्त्यानं बोल्ट सुटले, घर डुगडुगायला लागलं, तार निघाली, इंजिन बंद पडलं. उतारावर इंजिन बंद पडलं की माणूस काय करतो? चावी मागे घेतो आणि पुन्हा पुढं फिरवतो. हात आपोआप जातो. दादाचाही गेला असणार. चावी पार मागे गेली, तिरक्या घरातून खिटी सुटली आणि अर्धवट खाचेत जाऊन बसली. आणि पुढं वळण होतं. स्टेरिंग अडकल्यावर दादाला कळलं असेल का, की दत्त्या खोटं बोलला? मी हा प्रश्न सोडू शकत नाही. त्या हाताला लगेच कळलं असणार. माझ्या आयुष्यात देव वगैरे कधी फार नव्हता, पण एवढं मी मागत आलो की त्याला ते कळायला वेळ मिळाला नसू दे.

सेठचा माणूस म्हणाला, "कल दस बजे हमारा मिस्त्री आएगा, गाड़ी देखेगा, फिर बात करेंगे."

विमलबद्दल थोडं लिहितो, नाहीतर तिच्याबद्दल कुणीच कुठं काही लिहिणार नाही. साखरपुड्याला महिना नाही आणि मुलगा गेला, आणि तोही तिनंच "दाखवा" म्हटल्यावर. आमच्या माणसांना आणखी काय पाहिजे? पांढऱ्या पायाची म्हणून तिचं नाव झालं. देपालपुरपासून उज्जैनपर्यंत जिथं-जिथं आपली घरं होती तिथून नकार आला. तीन वर्षांनी मी म्हणालो, मी करतो. लोक म्हणाले, दत्तूचं काळीज मोठं. आई लग्नाला उभी राहिली, पण विमलच्या हातचं पाणी प्यायली नाही, मरेपर्यंत. मी ते बघत होतो. एका वाक्यानं ते थांबलं असतं. आधी म्हटलं, नाना आहेत तोवर नको. मग आई आहे तोवर नको. मग मुलगी झाली. मग म्हटलं, आता एवढी वर्षं गेली, आता कशाला.

तिनं माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. हे लोकांना गुण वाटायचा. साडी नाही, सिनेमा नाही, मीठ संपलं तर "संपलंय" म्हणायची, "आणा" म्हणायची नाही. आयुष्यात एकदा तिनं एका माणसाकडं एक गोष्ट मागितली होती आणि त्याचं काय झालं ते तिनं पाहिलं होतं. मुलगी लहानपणी हट्ट करायला लागली की हिचा चेहरा पांढरा पडायचा. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत ओठ सुकून फुटले होते, तरी पाणी मागायची नाही, मी देईपर्यंत नुसती पेल्याकडं बघायची. एका दुपारी म्हणाली, "अहो, मी गाडी दाखवा म्हटलं नसतं, तर तुमचे दादा असते." विचारत नव्हती, सांगत होती. वॉर्डात दुसरं कुणी जागं नव्हतं. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, पंचेचाळीस वर्षं घोटलेलं. मी म्हणालो, "झोप आता." तिनं ऐकलं आणि डोळे मिटले. माझं ती ऐकायचीच.

अजून मला फोन येतात. परवा विजय नगरमधून एका साहेबांचा आला. सॉफ्टवेअरमध्ये आहेत, त्यांनी असलीच एक जुनी विलायती गाडी घेतली आहे आणि चावी आतच मोडली आहे. "अंकल, व्हिडिओ में दिखाते हैं, बोल्ट तोड़ना है. हमारा मैकेनिक डर रहा है. आप आ जाइए." मी गेलो. हात थरथरतात, तरी त्या कामात थरथरत नाहीत, हे एक मेलं कौतुक आहे. दोन्ही डोकी कट-कट तुटली. साहेब टाळ्या वाजवायला लागले. म्हणाले, "इतनी आसानी से!" मी डोकी त्यांच्या हातात दिली, हात धुतले आणि सिटी बसनं घरी आलो. घरी कुणी नव्हतं. अशी शंभरेक लॉकं मी त्यानंतर बसवली असतील. प्रत्येक वेळी तुटेपर्यंत आवळली. त्यातलं एकही मोजण्यात येत नाही.

दादा मेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, सोमवारी, त्याचा देह अजून दवाखान्यातून ताब्यात मिळायचा होता. नाना तिथंच होते. घरात बायका जमल्या होत्या, विमल आणि तिची आई रात्री जाऊ शकल्या नव्हत्या, त्या आतल्या खोलीत बसून होत्या. मी चहासुद्धा न घेता निघालो. आधी सांवेर रोडला गेलो, शेड उघडली, रिंगपाना घेतला, शर्टाच्या आत घातला. मग चौकीत. आठ वाजले असतील. हवालदार दात घासत होता.

"क्या है रे?"

"भाई की चप्पल देखनी है."

त्यानं हातानंच जा म्हटलं. मी गाडीत शिरलो. सीटवर जे होतं त्याच्यावर उताणा पडलो, पडावंच लागतं, त्याशिवाय डोकं डॅशबोर्डखाली जात नाही. चावी अजून तशीच होती. ती पुढं फिरवली, खिटी कुरकुरत मागे गेली. लॉकचं घर दोन्ही हातांनी नळीवर सरळ केलं. निसटलेली पांढरी तार पुन्हा खोचली. मग एक बोल्ट आवळायला लागलो. मऊ लागला. थांबलो नाही. कुरकुरला. थांबलो नाही. कट झाला आणि डोकं माझ्या गळ्यावर पडलं. दुसरा त्याहून लवकर तुटला. दोन्ही ठिकऱ्यांवर बोटानं किटण फासलं. इतकं सुबक काम माझ्या हातून तोपर्यंत झालं नव्हतं. दादानं बघितलं असतं तर पाठीवर थाप मारली असती. डोकी मी चौकीच्या भिंतीपलीकडं बेशरमच्या झाडीत फेकली.

दहा वाजता सेठचा मिस्त्री येणार होता, तो आला आणि त्यानं बघितलं. नंतर कळलं, तो म्हणाला लॉक पक्कं आहे, फिटिंग एकदम बरोबर आहे, चूक चालवणाऱ्याची.

मी त्याच्यासाठी थांबलो नाही. घरी आलो तेव्हा नाना दवाखान्यातून कागद घ्यायला घरी आले होते आणि ओट्यावर उभे होते. आत आईच्या बहिणीचा, माई मावशीचा, आवाज चालला होता. "घरात पाय पडला आणि पोरगा गेला. हिनंच गाडी आणायला लावली. विचारा त्या दत्तूला, तो होता तिथं." सगळ्या बायकांनी दाराकडं पाहिलं. दार उघडंच होतं. विमल भिंतीला टेकून बसली होती, कालचीच साडी, बोटांना भुट्ट्याचं वाळलेलं दूध. ती माझ्याकडं बघत होती. त्या बघण्यात राग नव्हता. मी काहीतरी बोलेन असं तिला वाटत होतं.

नानांनी मला विचारलं, "दत्त्या, तिनं म्हटलं होतं का, गाडी दाखवा म्हणून?"

शर्टाच्या आत पाना पोटाला लागत होता, गार.

"हो," मी म्हणालो. "तिनंच म्हटलं होतं."